तांब्या उचलून धरायचा

"माझ्या हाताला इचारा."

पाणी जास्त कढत झालंय का, असं कुणी म्हटलं की मावशी बादलीत कोपर बुडवायच्या, डोळे मिटून ओठ मुडपायच्या आणि एवढंच म्हणायच्या. तेल किती कोमट, शेगडी किती लांब, लेकराचं पोट गच्च का मऊ, सगळ्याला हेच उत्तर. हाताला विचारायचं. तो हात चुकत नाही यावर अख्ख्या ताडकळसचं एकमत होतं, आणि आमच्या गावात एकमत होणं ही काही रोजची गोष्ट नाही.

तुमच्या गावातही अशी एखादी असेल, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी. आमच्या मावशी न्हाणीत पाटावर बसून दोन्ही पाय लांब पसरायच्या, नडग्यांवर लेकरू आधी उताणं घ्यायच्या, मग पालथं, आणि हात चालतोय तोवर तोंडही चालू. निम्मं गाव त्या नडग्यांवरून पुढं गेलेलं. आमचे हेडमास्तर अख्खा वर्ग एका नजरेत गप्प बसवायचे, पण मावशी समोरून येताना दिसल्या की गल्ली बदलायचे. कारण भर बाजारात त्यांनी एकदा विचारलं होतं, "काय रे, आता तरी डोक्यावर पानी घेतोस का अजून रडतोस?"

मी त्याच शाळेत तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. मावशींनी न्हाऊमाखू घातलेली पोरं सहा वर्षांनी माझ्याकडं यायची. त्या म्हणायच्या, बाई, आपलं काम एकच हाय, मी आधी धरते, तुमी नंतर.

माझी लेक रोहिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि परभणीच्या दवाखान्यात जुई झाली. घरी सोडायच्या आदल्या दिवशी एका मुलीनं बाळाच्या कानात रबराचं छोटं बोंडूक घालून मशीन लावलं. दोन्ही कानांचं बरोबर आलं नाही. तिनं नीट समजावून सांगितलं की घाबरू नका, कधी कधी कानात पाणी असतं, महिन्याभरानं पुन्हा आणा, तेव्हाही असंच आलं तर मोठी तपासणी करावी लागेल आणि ती लवकर झालेली बरी. तारीख लिहून कागद माझ्या हातात दिला.

घरी आल्याबरोबर मी तो कागद देवाच्या पाटाखाली ठेवला. देवापुढं ठेवला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे लपवला.

भीती कशाची, तर सेलूच्या विहीणबाईंची. पहिली मुलगी, त्यात कानाचं काही निघालं तर त्या काय म्हणतील, माझ्या लेकीला काय काय ऐकून घ्यावं लागेल, हे सगळं मीच मनात रचत बसले. बिचारी तोवर मला एक वाकडा शब्द बोलली नव्हती. पालकसभेत तीस वर्षं मी आयांना सांगत आले की शंका आली की तपासून घ्या, लाजू नका. स्वतःच्या नातीची वेळ आली आणि माझी सगळी अक्कल त्या पाटाखाली गेली.

मावशी पहिल्या दिवशी आल्या तेव्हा मी हळूच त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी जुईला नडग्यांवर घेतलं, तेल चोळलं, पाणी घातलं. मग घरून आणलेला आपला तांब्या रिकामाच उचलला आणि शेजारच्या फरशीवर खणकन आपटला. जुई दचकली. दोन्ही हात वर फेकून तिनं टाहो फोडला.

"ऐकायलंय की समदं. माझ्या हाताला इचारा."

काय सांगू तुम्हाला, माझ्या जिवात जीव आला. मग तो रोजचा खेळच झाला. आमच्या ह्यांना बोलावून दाखवला, शेजारच्या काकूंना दाखवला, भेटायला आलेल्या नणंदेला दाखवला. तांब्या आपटला की जुई दचकायची आणि मी सगळ्यांकडं असं बघायची की जणू मीच पास झाले. रोहिणी दारात उभी राहून बघायची. एकदोनदा म्हणाली, आई, तरी पण तारखेला जाऊन येऊ. मी म्हटलं, सव्वा महिना होऊ दे, तोवर बाळ-बाळंतीण उंबरा ओलांडत नसतात. सव्वा महिना झाला. तारीख येऊन गेली. मग मी म्हटलं, एवढं ऐकतंय लेकरू, कशाला उगाच त्याला मशिनी लावत फिरायचं. रोहिणी जुईला घेऊन आत गेली. मला ते बरंच वाटलं.

त्याच आठवड्यात मावशींचा गुडघा सुजला. पाय पसरायला येईना. मग त्यांनी जुईला खाटेवर, जाड गादीवर ठेवून तेल लावायला घेतलं आणि आपण बाजूला स्टुलावर बसल्या. तांब्या खिडकीत होता. कोपराचा धक्का लागून तो खाली फरशीवर पडला आणि गडगडत दारापर्यंत गेला. स्वयंपाकघरात माझ्या हातातलं दूध सांडलं, एवढा आवाज. मी धावत आले तर रोहिणी छातीवर हात धरून उभी. जुई मात्र खिडकीतल्या उजेडाकडं बघत मजेत पाय हलवत होती.

मी म्हटलं, बघा, किती शांत लेकरू आहे.

मावशींचा हात थांबला होता. तोंडही थांबलं होतं. त्यांनी जुईला दुपट्यात गुंडाळून रोहिणीकडं दिलं, तांब्या उचलला आणि चहा न घेता गेल्या. मावशी चहा न घेता जाणं हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं. मी समजले, गुडघा दुखतोय.

दुपारी मी मागच्या पडवीत डाळ निवडत बसले होते. आतून टण्ण असा आवाज आला. मग पुन्हा. मी जाऊन पाहिलं तर मावशी आलेल्या. जुई झोळीत जागीच होती. तिच्या डोक्यामागं, तिला दिसणार नाही अशा मावशी उभ्या, डाव्या हातात तांब्या उंच उचलून धरलेला, उजव्या हातात आमचीच पळी. तांब्या कशालाच टेकलेला नव्हता. त्यांनी तिसऱ्यांदा जोरात वाजवला. मी दारात असून माझे डोळे मिटले. जुईची पापणी हलली नाही. ती आपली मूठ बघत होती.

मावशींनी मला पाहिलं. तांब्या खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसल्या.

"बाई, सकाळपासून दोन घरं करून आले," त्या म्हणाल्या. "दोनी लेकरांच्या मागं असाच वाजवला, उचलून धरून. दोनी दचकले. एक तर असं रडलं की त्याची आजी माझ्या अंगावर आली."

मला काही सुधरेना. त्यांनी स्वतःच्या नडगीवर थापटी मारली.

"तुमचं लेकरू आवाजाला दचकत न्हवतं. तांब्या फरशीला लागायचा, हादरा माझ्या पायाला यायचा, आन् पायावर ते. मीच त्याला रोज दचकवायले होते."

खरं सांगते, मला आधी राग आला. त्यांचाच आला. मी म्हटलं, आता सांगता हे? सव्वा महिना रोज काय म्हणत होतात? मी कुणाच्या भरवशावर बसले? आवाज चढला माझा. पन्नास वर्षं त्या कामात घालवलेल्या बाईला मी माझ्या घरात, पोरीला ओरडावं तशी ओरडले.

त्यांनी वाद घातला नाही. गुडघा धरून बसल्या होत्या, तशाच बसून म्हणाल्या, "चुकला माझा हात. पन बाई, तुमी वाचता येनाऱ्या. कागदावर काय लिव्हलंय ते मी तुमाला इचारायचं असतंय. तुमी मला न्हाई."

मी पदर डोळ्याला लावला आणि खाली बसले. तेवढ्यात रोहिणी आतून आली, सरळ देवघरात गेली, पाट उचलला आणि कागद घेऊन आली. सव्वा महिना झाल्यापासून पूजा तीच करत होती. कागद कुठं आहे ते तिला ठाऊक होतं. मी आपणहून काढीन म्हणून वाट बघत होती, आणि आता तिची वाट बघून झाली होती.

"उद्या जायचं," ती म्हणाली.

राहिल्या विहीणबाई. मावशी म्हणाल्या, माझ्यासमोर फोन लावा, न्हाई तर तुमी परत कुठंतरी पाट शोधाल. मी लावला. सगळं सांगितलं, अडखळत सांगितलं. मग विहीणबाईंनी विचारलं की तपासणी कुठं आणि कधी, आम्हीही येतो. आणि जरा थांबून म्हणाल्या, "ताई, हे आधी का नाही सांगितलं?" ज्या बाईला मी महिनाभर मनातल्या मनात भांडखोर करून ठेवलं होतं, तिच्या आवाजात फक्त काळजी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परभणीला पुन्हा तेच आलं, म्हणून मोठ्या तपासणीला नांदेडला गेलो. तिथं सांगितलं की बाळ गाढ झोपलेलं पाहिजे, डोक्याला तारा चिकटवायच्या आहेत. जुई काही झोपेना. विहीणबाईंनी हलवलं, मी थोपटलं, रोहिणीनं पाजलं, जावईबापू खांद्यावर घेऊन बोळातून दहा चकरा मारून आले. पोरगी टक्क जागी. मावशी हट्टानं आमच्याबरोबर आल्या होत्या, सुजलेला गुडघा घेऊन. त्यांनी हात पुढं केले, बाकावर बसून जुईला मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं तळपाय चोळायला लागल्या. थोड्या वेळात पोरगी गपगार. तपासणी करणाऱ्या मॅडम हसून म्हणाल्या, आजी, तुम्हाला इथंच ठेवून घ्यावं लागेल.

"माझ्या हाताला..." मावशींनी सुरुवात केली आणि तिथंच थांबल्या. मग जुईकडं बघत राहिल्या.

दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, असं निघालं. अगदीच येत नाही असं नाही, पण बोलणं कळण्यापुरतं नाही. मॅडमनी पुष्कळ समजावलं, त्यातलं निम्मं मला तेव्हा कळलं नाही. मावशींनी एकच विचारलं, मशीन लावल्यावर ऐकू येईल का. मॅडम म्हणाल्या, येईल, आणि लवकर लावलं तर बोलायलाही शिकेल. मावशी म्हणाल्या, मग लावा की. आम्ही सगळे रडायच्या बेतात होतो, तो बेत त्यांच्यामुळं राहून गेला.

तो रडायचा कार्यक्रम पुढं झाला. जुईला पाचवा महिना लागला तेव्हा कानाची मशिनं आली. घरी आणून लावली. मावशींना बोलावलं होतं. त्या मागं जाऊन उभ्या राहिल्या, तांब्या उचलून धरला आणि पळीनं हलकेच वाजवला, अगदी हलकेच. जुईची चोखायची बोटं तोंडात थांबली. तिनं मान वळवली. मावशींनी पदर तोंडात कोंबला आणि अशा रडल्या की जुईच त्यांच्याकडं नवल करून बघायला लागली. मीही रडले, विहीणबाई फोनवर रडल्या.

त्या दिवसापासून मावशींचं वाक्य बदललं. गावात कुणाकडंही बाळंतपण झालं की त्या पहिल्या दिवशी लेकराच्या मागं उभं राहून, तांब्या उचलून धरून वाजवायच्या. लेकरू दचकलं की घरचे खूष. मग मावशी सगळ्यांना गप्प करायच्या आणि म्हणायच्या, "तरी दवाखान्यात तपासून आना. माझ्या हाताचं काय खरं न्हाई." लोक हसायचे. आरोग्य केंद्राच्या आशाताई म्हणायच्या, मावशी, माझं अर्धं काम तुम्हीच करायलात. पन्नास वर्षांचं नाव एका वाक्यात उतरवून ठेवणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. मला तर महिन्याभरात एक कागद आपणहून बाहेर काढता आला नव्हता.

पुढं गुडघ्यानं फारच बेजार केलं, तेव्हा त्यांची लेक येऊन त्यांना पोखर्णीला आपल्या घरी घेऊन गेली. रोहिणी आणि जुई तोवर सेलूला गेल्या होत्या; दर रविवारी सकाळी तिकडं मावशींचा फोन यायचा. मोठ्यांशी बोलणं नंतर. आधी फोन जुईच्या मशिनाला लावायचा. पलीकडून टण्ण असा आवाज आला की जुई ओरडायची, "आजी, तांब्या!" मग दोघींच्या गप्पा. जुई उशिरा बोलायला लागली, पण लागली ती अशी की जावईबापू म्हणतात, रात्री मशिनं काढली तरी हिचं तोंड बंद होत नाही.

गेल्या पोळ्यानंतर एका रविवारी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीचा आला. झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही म्हणाली. तेराव्याला आम्ही सगळे पोखर्णीला गेलो, तर तिनं जुईच्या हातात तो तांब्या दिला. आई सांगून गेली होती म्हणे. एका बाजूला चेपलेला आहे, खिडकीतून पडला होता तिथं. बाजूला पळीचे बारीक खड्डे.

परवा जुई सुट्टीला आमच्याकडं आली होती. शेजारच्या काकूंच्या सुनेला मुलगा झालाय. जुई तांब्या आणि पळी घेऊन तिकडं गेली, मी मागोमाग. ती झोळीच्या मागं चवड्यांवर उभी राहिली, हात पुरता वर ताणून तांब्या कशालाही टेकू न देता धरला आणि वाजवला. बाळ दचकलं, रडायला लागलं. त्याची आई हसून म्हणाली, ऐकतोय की गं चांगला.

जुईनं तांब्या काखेत मारला. कानाचं मशीन नीट बसवलं आणि मोठ्या माणसासारखी मान हलवली.

"तरी दवाखान्यात तपासून आना," ती म्हणाली. "माझ्या हाताचं काय खरं न्हाई."