माळढोकाच्या अंड्याभोवती चुन्याचे दगड

खड्ड्यांची रांग अंड्यापासून वीस पावलांवर आली, तेव्हा मी काम थांबवलं. मजूर टिकाव टेकून उभे राहिले. माळढोकाची मादी उठून लांब जाऊन थांबली होती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा पावसाळा. श्रीगोंद्याजवळच्या माळावर आमच्या खात्याचं प्लँटेशन चाललं होतं, मी तिथला फॉरेस्टर. माळढोक चांगला कमरेएवढा उंच पक्षी. पण घरटं नाही. उघड्या जमिनीवर एकच अंडं. तेव्हाच तो क्वचित दिसू लागला होता.

रेंजरसाहेब जीपमधून उतरले. "एका अंड्यासाठी काम थांबवलंस?"

"महिनाभर, साहेब. पिल्लू निघेपर्यंत."

"आणि अंड्याचं काही झालं तर?"

"जबाबदारी माझी. लेखी देतो."

दिलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.एस्सी. काम चोख करायची खोड. जे राखायचं त्याला चुना फासलेले दगड लावायचे, ही खात्याची रीत. कुणाचा पाय पडू नये म्हणून मी अंड्याभोवती तसे बारा दगड मांडले.

मेंढरं चारणाऱ्या सखूबाई बघत होत्या. "सायेब, दगूड काढा. ती न्हाई यायची."

"अहो, तिच्या भल्यासाठीच आहेत."

"तिला ठावं हाय व्हय? आमी नुसता वळसा घालून जातो. खूण न्हाई करत."

"बाई, मी शिकलोय हे."

"मग तुमीच उबवा अंडं."

मजूर हसले. दगड मी ठेवलेच.

दोन दिवस मादी लांबूनच बघत राहिली. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी अंडं फोडलं.

रेंजरसाहेबांपुढे चूक कबूल केली. सोबत अर्ज ठेवला: या माळावर झाडं लावू नयेत, गवत राहू द्यावं.

"फॉरेस्टर झाडं नको म्हणतोय?"

"माळढोकाला लांबवरचं दिसावं लागतं, साहेब. बारा दगडांनाही मादी बुजली. झाडी वाढली की तो जाणार."

"हे कॉलेजात शिकवलं?"

"नाही. अंडं गेल्यावर कळलं. सखूबाईंना आधीच माहीत होतं."

साहेबांनी वर्षाची मुदत दिली. "पक्षी आला नाही, तर खड्डे."

पुढच्या पावसाळ्यात सखूबाईंनी लांबून बोट दाखवलं. "तिकडं बसलीया. जाऊ नगा." महिनाभर मी त्या बाजूला फिरकलो नाही. मग एका सकाळी गवतात आईमागून चालणारं पिल्लू दिसलं.

माळ मोकळा राहिला. नोकरीभर मी फिरून फिरून तिथलीच बदली मागत राहिलो. रिटायर झालो तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात मी लावलेल्या झाडांची यादी वाचली गेली. न लावलेल्या झाडांना तिच्यात जागा नव्हती.