सासूबाई रागवेनाशा झाल्या तेव्हा

“हे पोट कोण चोळतं?” नागपूरच्या सर्जननी तपासता तपासता तेलकट कातडीवर हात थांबवून विचारलं.

सासूबाई उशाशीच उभ्या होत्या. त्यांनी हात पदराखाली घेतले.

कितीतरी महिने माझं पोट जड वाटे, शौचाला काळं होई. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, नाभी सरकली. आमच्याकडे पोटाच्या सगळ्या दुखण्यांना हेच एक निदान! रोज सकाळी चटईवर निजवून एरंडेलानं पोट चोळायच्या. मला बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू?

“लायोमायोसार्कोमा असावा,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे जठराच्या भिंतीतल्या स्नायूची कर्करोगाची गाठ. “ती अख्खी निघाली पाहिजे. आत फुटली तर पोटभर पसरते. चोळणं आजपासून बंद.”

आता अशा बहुतेक गाठींना जिस्ट म्हणतात, त्यावर गोळ्या निघाल्यात. माझ्या वेळी, एकोणीसशे ऐंशीच्या आसपास, नुसता चाकू होता.

कोराडीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरात वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमण्यांची राख बसे. ती झटकताना रोज माझ्यावर खेकसणारी बाई गप्प झाली. त्यांचं जेवण सुटलं.

“काहून रडून राहिल्या आई? तुमाले काय मालूम होतं?” मी म्हणायची.

ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर आले, “गाठ अख्खी निघाली, फुटली नव्हती,” म्हणाले, आणि आई व्हरांड्यातच त्यांच्या पाया पडल्या. हे मला नंतर आमच्या यांनी सांगितलं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “परत येणार नाही असं मी लिहून देत नाही. तपासायला येत राहा. गाठ काढणं माझं काम होतं. पोटभर जेवणं, घरात वावरणं हे तुमचं. रोगी म्हणून पडून राहायचं नाही.”

ऐकतं कोण! आई मला तांब्या उचलू देईनात. मऊ भात न् ताक. काही सांडलं तरी हूं की चूं नाही. त्या गोडव्याचीच मला धडकी भरली. चार दिवसांच्या पाहुणीशी वागावं तसं वागत होत्या.

शेवटी एका सकाळी मी हट्टानं बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला. पहिल्याच घासाला आई कडाडल्या, “एवढं तिखट कायले टाकलं वं? जीव घेतं का माहा?”

मी स्टोव्हपाशी बसून हसले, मग रडले.

आई जाऊन वर्षं झाली. तुमच्या घरी असं दुखणं आलं तर माणसाला जपा, पण त्याच्याशी भांडणं सोडू नका. त्या सकाळी आईंनी मला पुन्हा जगणाऱ्यांत धरलं होतं.