सासूबाईंना विचारा

सव्वीस वर्षं शहरातली बस चालवून ती निवृत्त झाली, तरी तिचा डावा पाय घरात क्लच शोधायचा. टीव्ही लावलेला असला तरी लक्ष खिडकीखालच्या चौकाकडे. "हा बघ, हा आता अडकणार," ती म्हणायची आणि तो अडकायचाच.

तिची सून दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवायची. दिवसभर परक्यांचे दात घासून आली की तिचा एकच विरंगुळा होता: कॉम्प्युटरवर शहर वसवायचा खेळ. रस्ते आखायचे, घरं-शाळा मांडायच्या आणि लोक राहायला आले की त्यांच्या तक्रारी निस्तरायच्या. असं खेळणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट होता. कुणी आपल्या शहराचे फोटो टाकायचं, कुणी स्वतः बनवलेले पूल नि इमारती बाकीच्यांना वापरायला द्यायचं, कुणी युक्त्या सांगायचं.

एका रविवारी सकाळी सून स्क्रीनसमोर डोकं धरून बसली होती. तिच्या मुख्य चौकातली गाड्यांची शेपटी पार नदीपर्यंत गेलेली. सासू मागे येऊन उभी राहिली.

"अगं, बसथांबा सिग्नलच्या अलीकडे कुणी ठेवला?"

"मीच ठेवला, आई. का?"

"बस माणसं घेईपर्यंत हिरवा संपतो, मागचे बसतात बोंबलत. पलीकडे ने तो."

सुनेने थांबा उचलून चौकापलीकडे ठेवला. दोघी श्वास रोखून बघत राहिल्या. शेपटी आखडत आखडत नाहीशी झाली.

"तुम्हाला कसं कळलं हो?"

"सव्वीस वर्षं शिव्या कुणी खाल्ल्या?"

सुनेने ती युक्ती गटात टाकली आणि खाली लिहिलं, 'सौजन्य: सासूबाई.' संध्याकाळपर्यंत चाळीस जणांनी आपापले थांबे हलवले. मग कुणाचंही घोडं अडलं की कुणीतरी लिहायचंच, "सासूबाईंना विचारा!"

आता सासूलाही राहवेना. तिने स्वतःचं शहर काढलं. रस्ते असे झोकदार की बघत राहावं, पण विजेची तारच ओढायची राहिली. सगळी वस्ती बाडबिस्तरा घेऊन चालती झाली. "माझं गाव उठलं की गं!" म्हणत ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दुसरं शहर मात्र टिकलं.

पुढे गटातल्या एका जुन्या खेळाडूने, जो पोटापाण्यासाठी जमिनी मोजायचा, सगळ्यांपुढे पैज मांडली. रहदारीने गळा आवळलेलं एक शहर त्याने दिलं. एकही घर न पाडता आठवड्यात ते मोकळं करायचं. कुणी रस्ते रुंद केले, कुणी उड्डाणपुलांवर उड्डाणपूल चढवले. कोंडी नुसती पुढच्या चौकात सरकली.

सासूने दोन दिवस कशालाही हात लावला नाही. एक बस निवडायची आणि तिच्यामागे पहिल्या थांब्यापासून शेवटच्यापर्यंत जायचं, एवढंच.

"आई, काहीतरी करा ना!"

"थांब जरा, माझी फेरी संपली नाही अजून."

तिसऱ्या दिवशी ती टुणकन उठून बसली. अकरा मार्गांच्या बसगाड्या फेरी संपवून एकाच ठिकाणी वळत होत्या, तेही इस्पितळाच्या दारात! तिने त्यातल्या सात मार्गांचा शेवटचा थांबा मंडईमागच्या मोकळ्या जागेत नेला. अडकलेली रुग्णवाहिका सुसाट निघाली, तेव्हा सुनेने चक्क सासूला मिठी मारली.

पैज जिंकली. मोजणीवाल्याने विचारलं, "सासूबाई, बक्षीस काय हवं?"

तिने जरा विचार केला आणि सुनेला सांगितलं, "लिही. शेवटच्या थांब्यावर चालकांसाठी एक खोली बनवून द्या कुणीतरी. बसायला बाक, प्यायला पाणी आणि कडी नीट लागेल असा बायकांचा संडास. मी सव्वीस वर्षं कामावर असताना घोटभर पाणी प्यायलासुद्धा घाबरायचे."

चार दिवसांनी घरांचे नकाशे काढणाऱ्या एका बाईने स्वतः बनवलेली इमारत टाकली. निळं छप्पर, दोन बाक, नळ, आत दोन दारं. सासूने चित्र मोठं करत करत थेट कडीपर्यंत नेलं आणि पदराने चष्मा पुसला.

महिन्याभरात ती खोली शेकडो शहरांत उभी राहिली. कुणाच्या बर्फात, कुणाच्या वाळवंटात, कुणाच्या समुद्राकाठी. रोज नवे फोटो यायचे आणि सासू एकेक तपासायची.

"हिने फार लांब बांधलीये गं. चालत जाईपर्यंत बस सुटायची वेळ होईल. सांग तिला."

"सांगते," सून हसत म्हणाली आणि टाइप करायला लागली.