नेपरव्हिलमधला बुधवारचा तास

नागपूरच्या विमानतळावर तुम्ही पाचजणी मला पोचवायला आलात, तेव्हा शाळा सुटायची होती. मुख्याध्यापकांना काय थाप मारून निघालात ते अजून मला सांगितलेलं नाही. सगळ्या शाळेच्या ठरलेल्या साडीत, त्यामुळे दारावरच्या शिपायाला वाटलं, बायांची सहल निघाली आहे. सुनंदाबाई रडल्या, मग त्यांचं बघून बाकीच्या रडल्या. मीही पदर डोळ्याला लावला, पण आज पाच वर्षांनी खरं सांगते, मला रडू येत नव्हतं. कधी एकदा विमानात बसते असं झालं होतं. आईनं ते ओळखलं असावं. ती एवढंच म्हणाली, "तिकडे रिकामी बसू नको. रिकामं माणूस कुरकुर करते."

आणि इथे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येऊन मी नेमकी रिकामी बसले. मी आले नवऱ्याच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती. प्रशांत सकाळची ट्रेन पकडून शिकागोला जायचा आणि मी खिडकीतून बर्फ बघायची. बर्फ दोन दिवस छान दिसतो. मग शाळेत दिवसाला आठ तास शिकवणाऱ्या बाईनं काय करावं? मी ओटा पुसायची. पुसलेला ओटा पुन्हा पुसायची. प्रशांत म्हणाला, "अगं, त्याचा रंग जाईल यार."

लायब्ररीत एक चिठ्ठी लावलेली दिसली. नागरिकत्वाची परीक्षा देणाऱ्यांना इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक हवे होते, बुधवारी सकाळी, बिनपगारी. मी घरी न विचारता नाव देऊन आले. रात्रभर धाकधूक. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. मराठी शाळेत शिकून मराठी शाळेत शिकवलेलं. अमेरिकेत बसून अमेरिकेचं नागरिकत्व मी शिकवणार, आणि माझा स्वतःचा ग्रीन कार्डाचा नंबर कधी येईल ते देवालाही ठाऊक नाही. म्हणजे लग्न जुळवणारी स्वतः बिनलग्नाची, तशातली गत.

पहिल्या बुधवारी खोलीत शिरले आणि नऊच्या नऊ विद्यार्थी ताडकन उभे राहिले. सगळे चिनी आजी-आजोबा. मुलांनी नातवंडं सांभाळायला बोलावून घेतलेले, पांढऱ्या केसांचे, मांडीवर वही. एका सुरात म्हणाले, "गुड मॉर्निंग, लाओशी." लाओशी म्हणजे बाई, आपल्या शाळेतल्या बाई. किती महिन्यांनी कुणी माझ्यासाठी उभं राहिलं होतं! सवयीनं माझ्या तोंडातून निघालं, "सिट डाउन." सगळे बसले. माझा तास सुरू झाला.

पुढच्या बाकावर लिन मावशी. वय एकाहत्तर, उंची माझ्या खांद्याइतकी, तरुणपणी कापड गिरणीत कामाला होत्या. त्यांना मनातल्या मनात मी पहिल्या दिवसापासून मावशीच म्हणते. पेन्सिलींना घरून टोक करून आणायच्या, स्वतःच्या आणि शेजारणीच्याही.

परीक्षेला देशाबद्दलचे शंभरावर प्रश्न असतात, त्यांतले थोडे अधिकारी समोर बसवून तोंडी विचारतो. लायब्ररीच्या डायाननं मला शिकवण्याच्या सूचनांचा कागद दिला होता. पाठांतर करून घेऊ नका, गप्पांतून शिकवा, असं त्यात होतं. मी तो कागद नीट वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि आपल्या पद्धतीनं सुरुवात केली. मी म्हणायचं, मागून सगळ्यांनी. सर्वोच्च कायदा कोणता? संविधान. झेंड्यावर पट्टे किती? तेरा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळीनं, ताल धरून. नऊ म्हाताऱ्यांचा आवाज असा लागला की डायाननं येऊन हसत दार लावून घेतलं. त्यांना हे जिवापाड आवडलं, कारण त्यांच्या लहानपणी त्यांनाही असंच शिकवलं होतं. सहा महिन्यांत लिन मावशी अख्खी यादी एका दमात म्हणू लागल्या. मी खूश. घरी येऊन प्रशांतला म्हटलं, "बघशील, पहिल्या फटक्यात पास होते माझी लिन."

त्यांना नागरिक का व्हायचं होतं, ते एकदा पार्किंगमध्ये त्यांनी मला सांगितलं. तोडक्या इंग्रजीत, मधे मधे हातांनी. गावी त्यांची थोरली बहीण आहे, चौऱ्याऐंशीची. आई लवकर गेली, त्या बहिणीनंच यांना वाढवलं. ती आता अंथरुणाला टेकली आहे. नुसत्या ग्रीन कार्डावर फार दिवस बाहेर राहिलं, तर परत येताना अडचण. म्हणजे बहिणीपाशी राहिलं तर नातू तुटतो, नातवापाशी राहिलं तर बहीण. नागरिक झाल्या की स्वतःच्याच गावी जायला त्यांना व्हिसा काढावा लागणार होता, पण तो मिळतो, आणि परतीच्या दारात कुणी अडवणार नव्हतं. घरी जाता यावं म्हणून बाई अमेरिकन व्हायला निघाली होती. "सिस्टर वेटिंग," त्या म्हणाल्या, आणि पुढे, "नॉट लाँग टाइम वेटिंग."

ऑक्टोबरात त्यांची मुलाखत झाली आणि लिन मावशी नापास झाल्या.

बुधवारी त्या नेहमीच्या जागी येऊन बसल्या, वही न उघडता. काय झालं ते हळूहळू कळलं. अधिकाऱ्यानं विचारलं, राष्ट्राध्यक्ष किती वर्षांसाठी निवडतात? उत्तर येत होतं, पण ते यादीत बरंच खाली होतं. तिथे पोचायला यांनी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली, ओठांतल्या ओठांत. सर्वोच्च कायदा कोणता? संविधान. तो बिचारा थांबला, पुन्हा विचारलं, मग पुढे गेला. प्रत्येक प्रश्नाला हेच. सगळं पाठ असलेली बाई निम्म्या वाटेवरून हात हलवत परत आली.

बायांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? बारा सत्ते किती विचारलं की सहावीतली पोरं बारा एके बारापासून डोळे मिटून सुरू व्हायची, आणि आपण स्टाफरूममध्ये हसायचो. तीच चूक मी एका म्हातारीच्या आयुष्याशी केली, वर शेखी मिरवली. मी डायानला म्हटलं, मी हा वर्ग सोडते. ती म्हणाली, "त्यांना दुसरी संधी मिळणार आहे. तुम्ही गेलात तर शिकवणार कोण?" लिन मावशी मागेच उभ्या होत्या. त्यांनी पर्समधून टोक केलेली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "लाओशी, अगेन."

मग आम्ही जी धमाल केली! यादी फाडली. एकेका प्रश्नाची चिठ्ठी केली, वर्गात डब्यातून काढायची. एवढ्यावर कुठलं भागायला. मी भलत्या वेळी फोन करायची. त्या पावाची कणीक मळत असायच्या, मी नमस्कार-चमत्कार न करता विचारायची, "पट्टे किती?" फोनमधून लगेच, "थर्टीन!" दुकानात कोबी निवडताना, बर्फात गाडीची काच खरवडताना, कुठेही. पुढे पुढे त्याच मला फोन करून प्रश्न विचारू लागल्या, आणि दोनदा मी चुकले. त्याचा त्यांना किती आनंद!

दुसऱ्या मुलाखतीला त्यांच्या मुलाला सुट्टी मिळेना. मी म्हटलं, मी नेते. लायसन्स नवं, हायवेवर एकटीनं कधी गेले नव्हते. प्रशांत म्हणाला, "रिस्क कशाला घेतेस? कॅब कर ना." पण मला जायचंच होतं. दोन्ही बाजूंनी ट्रक, माझे हात घामेजलेले, आणि शेजारी लिन मावशी सीट बेल्टला धरून ताठ बसलेल्या, मी न विचारताच उत्तरं देत.

त्या आत गेल्यावर मी बाहेर खुर्चीत बसून पर्सची चेन उघडत-लावत होते. अर्ध्या तासानं दार उघडलं. त्यांनी हातातला कागद दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता. मी त्यांना उचलायचं तेवढं बाकी ठेवलं.

वसंतात शपथ झाली, पासपोर्ट आला, व्हिसा आला आणि मावशी गावी गेल्या. बहीण होती. या पोचल्या तेव्हा तिनं ओळखलं, आणि अजून आहे.

गेल्या आठवड्यात त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे अंगण, खाटेवर उशीला टेकून बसलेली बहीण, आणि समोर सात-आठ पोरं. गावातली मुलं इंग्रजी शिकायला येतात, मावशी फुकट शिकवतात. त्यांनी फोन एका खुर्चीवर टेकवला आणि शिकवून दाखवलं. एका हातानं मांडीवर ताल, दुसऱ्या हाताचं बोट भलत्याच पोरावर, "यू! क्विक! लाउडली!" ते बोट माझं होतं. तो "लाउडली" माझा, म्हणजे खरं तर आपल्या शाळेतला. नागपूरची बाई चीनमधल्या एका अंगणात ओरडत होती, आणि ती मी नव्हते. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

कॉल संपल्यावर मी प्रशांतला म्हटलं, डिसेंबरचं नागपूरचं तिकीट काढ. पाच वर्षं आम्ही गेलो नाही, कारण तिकडे गेलं की परतीसाठी व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि तो अडकला तर परत कसं यायचं. त्यानं आताही तेच विचारलं.

"अडकला तर?"

"तर नागपुरात राहीन. तिथे मला कुणी व्हिसा विचारत नाही."

त्यानं लॅपटॉप उघडला.

भीती मलाही आहे. पण घर कुठलं, याचा आता मी फार विचार करत नाही. ज्या वेळापत्रकात आपला एक तास असतो, ते घर. इथे माझा बुधवारचा आहे. तो मी येईपर्यंत डायान सांभाळणार आहे. तिकडच्या वेळापत्रकात माझं नाव राहिलं नसेल, ते मला कळतं. तरी सातवीचा एक तास माझ्यासाठी मोकळा ठेवा. मुख्याध्यापकांना काय सांगायचं, ते तुम्ही बघा.