पानेकाका आणि नऊ किलोचा मॉनिटर
आमच्या ऑफिसात दुरुस्तीची कामं करणाऱ्या गृहस्थांना सगळे पानेकाका म्हणायचे. खिशात कायम षटकोनी पान्यांचा जुडगा आणि बोलणं मोजकं. आमचे मॉनिटर टेबलाच्या कडेला आवळलेल्या लोखंडी आर्मवर तोललेले असत, आणि त्या आर्मची सगळी दुखणी काकांना तोंडपाठ होती. टाइप करताना स्क्रीन थरथरते? टेबलाखालची पकड ढिली झालीय. स्क्रीन मान टाकते? सांध्यातला स्क्रू आवळा. एकोणीस वर्षं ते हातानंच अंदाज घेत आले होते, आणि तो सहसा चुकत नसे.

फक्त भाषांतर विभागातल्या बाईंचा मॉनिटर काही केल्या ऐकेना. सकाळी डोळ्यांसमोर असायचा, दुपारपर्यंत हळूहळू टेबलाला टेकायचा. काका तीनदा येऊन स्क्रू आवळून गेले. तिसऱ्या वेळी वैतागून म्हणाले, "बाई, आर्म ठणठणीत आहे. तुम्हीच त्याला सारखं हलवता."

बाईंनी मॉनिटरखाली दोन जाड शब्दकोश सरकवले आणि कामाला लागल्या. तरी स्क्रीन खालीच राहायची, आणि त्या दिवसभर वाकून वाचायच्या. चार महिन्यांनी त्या मानेला पट्टा लावून आल्या.

काकांनी तो पट्टा जिन्यात पाहिला. दुसऱ्या दिवशी घरून सामान तोलायचा काटा घेऊन आले. मॉनिटर काढला की आतल्या स्प्रिंगमुळे आर्म उसळतो, म्हणून आधी तो पार वरपर्यंत नेला, मग मॉनिटर सोडवून काट्याला लावला. नऊ किलो. आर्मच्या खालच्या अंगाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, सात किलोपर्यंत. मध्यंतरी बाईंना मोठा मॉनिटर मिळाला होता, आर्म मात्र जुनाच राहिला होता. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

काका खुर्ची ओढून बाईंसमोर बसले.

"चूक तुमची नव्हती. आकडा तिथंच होता. मी चष्मा लावून कधी वाचलाच नाही."

"मलाही वाटायला लागलं होतं, माझाच हात जड असेल," बाई म्हणाल्या. "घरी सासूबाई तेच म्हणतात."

काका हसले नाहीत. "मी म्हटलं आणि तुम्ही ते खरं मानलंत, याचंच वाईट वाटतं."

त्यांनी साहेबांकडे जास्त वजन पेलणारा आर्म मागितला. अर्जात कारण लिहिलं, 'माझा अंदाज चुकला.' साहेब म्हणाले, असं लिहायची काही गरज नाही. काकांनी कागद बदलला नाही.

आठ दिवसांनी नवा आर्म आला. काकांनी बाईंना ताठ बसायला सांगितलं आणि स्क्रीनची वरची कड त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आणली. बोटानं ढकलली की हलावी, सोडली की थांबावी, इतपतच स्क्रू फिरवला.

बाईंची मान पूर्वीसारखी झाली नाही. थंडीत अजून धरते. काका मात्र निवृत्त होईपर्यंत, कुणाचीही तक्रार आली की पान्याला हात लावण्याआधी त्या माणसाच्या खुर्चीत बसून बघायचे आणि विचारायचे, "कधीपासून होतंय असं? नीट सांगा."