दादाच्या नावावर माझा इको

माझ्या दादाच्या कंपनीतल्या फाइलमध्ये जो हार्टचा रिपोर्ट होता, तो माझ्या हार्टचा होता.

आज दादाला जाऊन तीसच्या वर वर्षं झाली. आई होती तोवर हे लिहायची हिंमत नव्हती.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. आम्ही उल्हासनगरजवळच्या मोरिवलीत राहायचो. बाबा अचानक गेले आणि कंपनीने त्यांच्या जागेवर दादाला घ्यायचं कबूल केलं. तो वीस वर्षांचा, मी सतरा.

मेडिकलला डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली. "आवाज येतोय. इको करून आण."



शाळेत असताना दादाला ताप यायचा, सांधे सुजायचे. आज गुडघा, उद्या घोटा. तेव्हाच एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, या तापाने हृदयाची झडप खराब होते, दर एकवीस दिवसांचं इंजेक्शन चुकवू नका.

सूज उतरली आणि आम्ही इंजेक्शनं विसरलो.

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जा त्याच्या नावाने. एकदा नोकरी लागू दे, मग याला मोठ्या डॉक्टरला दाखवू."

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये नवीन मशीन आलं होतं. मी दादाचं नाव सांगून टेबलवर झोपलो. छातीवर गार जेल, पडद्यावर काळंपांढरं काहीतरी उघडझाप करत होतं. सिंधी डॉक्टर खूश.

"एकदम नॉर्मल है बेटा. टेन्शन मत ले."

मी शेखी मिरवत घरी आलो. गाढव होतो.

नोकरी लागली. मोठा डॉक्टर राहूनच गेला.

चार वर्षांत दादाला जिना चढताना धाप लागायला लागली. कंपनीचे डॉक्टर फाइल उघडायचे. "इको क्लिअर आहे रे तुझा. दमा असेल."

मग दम्याच्या गोळ्या. आम्ही काय बोलणार? खरं सांगितलं तर नोकरी जाणार.

एका सकाळी खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा मी त्याला जबरदस्तीने इकोला नेलं. या वेळी टेबलवर तो होता.

डॉक्टर दुसरे होते. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. झडप जेमतेम उघडत होती.

"फार उशीर केलात. आधी कधी इको केला होता?"

"हो," दादा म्हणाला. "नॉर्मल होता."

"शक्यच नाही."

मी तोंड उघडलं. दादाने माझं मनगट घट्ट धरलं.

बाहेर बाकड्यावर बसून, मधेमधे थांबत तो म्हणाला, "गप बस ना यार. कळलं तर मला काढतील. मग उद्या माझ्या जागेवर तुला कोण घेणार?"

मी चिडलो, रडलो. आणि गप्प बसलो.

ऑपरेशनची तारीख मिळायच्या आधीच तो गेला.

कंपनीने त्याच्या जागेवर मला घेतलं. मेडिकलमध्ये काही निघालं नाही. अजून तिथेच आहे, दोन-तीन वर्षांत रिटायर होईन.

आता कुणाला कळलं तरी चालेल.

दादा, तुला जयभीम. जमलं तर माफ कर.