मेव्हण्याने जोडलेला खुराडा

देवाने माझ्या मेव्हण्याला दोन हात दिले ते फक्त गाठी मारायला, याबद्दल मला शंका नाही. खिळा, स्क्रू, कडी, कुलूप या वस्तू त्याच्या मते आळशी माणसांनी काढल्या. माहीमला त्याचा सगळा जन्म होडीवर गेला. आता गुडघे होडीत चढू देत नाहीत, पण जाळ्याचा नायलॉन दोरा खिशात कायम. चष्मा दोऱ्याने बांधलेला, छत्रीची मूठ बांधलेली. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ. तो वाजला की गाठ सुटेपर्यंत पलीकडचा माणूस कंटाळून बंद करतो. आमच्या लग्नात हा एवढासा पोरगा, पण शेल्याची गाठ मारायला हाच पुढे घुसला. ती कोणालाच सुटेना. वऱ्हाड जेवायला बसलं तरी आम्ही दोघं आपले बांधलेले. शेवटी माझ्या बायकोने ती दातांनी सोडवली आणि मग भावाला एक धपाटा घातला.

बायको गेल्या पावसाळ्यात वारली. मागे तिच्या कोंबड्या राहिल्या. मला त्यांच्यातलं काही कळत नाही. मी बोईसरला कारखान्यात हेल्परकी केलेला माणूस. तिच्या मागे रोज संध्याकाळी मी एकेकीला धरून खुराड्यात कोंबत होतो, आणि मला धाप लागत होती. त्यात मुंगसाने दोन नेल्या. उरल्या चार. तिच्या हातचं घरात हलतं-बोलतं एवढंच उरलं होतं, ते मला घालवायचं नव्हतं. म्हणून बोईसरहून तारेची जाळी आणली आणि खुराड्यापुढे अंगणभर कुंपण केलं, वरूनही झाकलं. तरी खुराड्याचं दार आणि कुंपण यांच्यात हातभर फट राहिली. मुंगसाला तेवढी पुरे. ती कशी जोडावी हे मला सुचेना, म्हणून मेव्हण्याला बोलावलं.

तो पामला आमच्या घरी आला तो जुनं जाळं खांद्यावर टाकूनच. टेप दिली तर म्हणाला, "ती ठेवा घरात," आणि दोन्ही हात फाकवून फट मोजायला लागला. हात फाकले तीन माणसांएवढे, फट होती जेमतेम हातभर. मग दिवसभर बसून त्याने फटीत जाळ्याची नळी विणली. खुराड्याकडे तोंड रुंद, अंगणाकडे शेपूट निमुळतं. मी विचारलं, "अरे, ही तर मासे धरायची डोल दिसते."

"मग? डोलीतून आजवर कोन परत गेलंय काय, भावजी?"

ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्या सुळकन अंगणात गेल्या. संध्याकाळी परत यायला बघतात तर शेपूट मिटलेलं. चौघी जाळीला चोच लावून गोलगोल फिरल्या. मेव्हणा त्यांच्याकडे बघतोय, त्या माझ्याकडे, मी मेव्हण्याकडे. कोणालाच काही समजेना. "मासा असता तर घावला असता," तो शेवटी म्हणाला.

"मासा रात्री झोपायला घरी येतो काय रे?"

 त्याने कुरकुरत डोल कापली, बांबूची चौकट केली, तिला चहूबाजूंनी तारेची जाळी ताणली. एक टोक खुराड्याच्या दाराला, दुसरं कुंपणाला, आणि मध्ये गाठीवर गाठ. काम पक्कं झालं, मी स्वतः हात घालून पाहिला, बोट जाईना. पण कोंबड्या त्या सरळ वाटेनेही आत जाईनात. दिवस बुडायला आला.

"आता काय झालं यांना?" मी म्हटलं.

"ताई यांना कशी घ्यायची आत?" त्याने विचारलं.

"हाक मारायची काहीतरी." मी दोन-तीन आवाज काढून पाहिले. कोंबड्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वाट चुकून त्यांच्या दारात आलोय. मेव्हणा उठला, पाठ फिरवून उभा राहिला आणि बारीक आवाजात म्हणाला, "कुर्र... ये गो बाय, ये गो." चौघी एकामागे एक चौकटीतून आत गेल्या. हाक थेट बायकोची होती; मला क्षणभर समजेना, मी कुठे उभा आहे. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, तिथे कोणी नव्हतं.

"आमची आय अशीच बोलवायची," तो तिकडेच बघत म्हणाला. "आमी दोघं तिच्याकडूनच शिकलो." मग त्याने दार ओढलं, दोऱ्याची गाठ मारली आणि चहा न घेता माहीमची गाडी धरायला गेला.

सकाळी ती गाठ मला सुटेना. नखं लावली, चमच्याचं टोक घातलं. दात आता कुठले. आत कोंबड्यांचा गोंधळ. मेव्हण्याला फोन लावला. बराच वेळ वाजला, मी ठेवला नाही. शेवटी पिशवीची गाठ सोडून त्याने घेतला.

"सुरी नाय काय घरात? कापून टाका, भावजी."

सुरी समोर, फळीवरच होती.

"कापत नाही," मी म्हटलं. "तू ये."